पास्कूमास्तरांची परवानगी

अर्जदाराला अर्जात दीन करावे लागते, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. साहेबाच्या टेबलावर कागद जातो तेव्हा साहेबाला माणूस दिसत नाही, शब्द दिसतात. आणि त्या शब्दांनी हात जोडलेले नसले तर कागद तसाच गठ्ठ्याच्या तळाशी सरकतो. अंधेरीच्या कचेरीबाहेर चिंचेच्या सावलीत टेबल मांडून मी ही विद्या उभी हयात चालविली. शाळेत सातवीच्या पुढे जाण्याचा योग आला नाही, परंतु माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याचे धाडस पार्ल्याच्या वकिलांनीही कधी केले नाही. ते एकाच माणसाने केले. मरोळ गावठाणातले बँडमास्तर पास्कोल डिमेलो, ज्यांना सारे गाव पास्कूमास्तर म्हणे, ते प्रथम माझ्या टेबलाशी आले ते लग्नाच्या मिरवणुकीत बँड वाजविण्याचा परवाना मागण्यासाठी. मसुदा त्यांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"हा दीन कोण?"

"तुम्हीच, मास्तर. अर्जाची पद्धत आहे तशी."

"मी दीन नाय. मी कॉर्नेट वाजवतो. काट."

मी म्हणालो, असा अर्ज मंजूर होत नाही. ते म्हणाले, होईल. आणि तो झाला. ह्या गोष्टीचा मला पुष्कळ दिवस राग होता.

मास्तर उंच, काटक, काळेसावळे. पांढऱ्या कोटाची पितळी बटणे ते स्वतः चिंचेच्या कोळाने घासत. कात्रीनबायला, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या कामाला हात लावू देत नसत. बोलणाऱ्याचे बोलणे ऐकताना त्यांची दोन बोटे मांडीवर ताल धरीत. आपण लांबण लावली की बोटे थांबत आणि मास्तर म्हणत, "मुन्शी, ताल सुटला." मला मुन्शी म्हणणारे गावात तेच एकटे. इतर लोक मला साहेब म्हणत.

परंतु त्यांची खरी ओळख एका शब्दात होती, आणि तो शब्द म्हणजे परवानगी. कोणाच्या भिंतीला सायकल टेकवायची तर ते आधी घरात डोकावून विचारीत. विडी ओढण्यापूर्वी ते रोज जेवणानंतर कात्रीनबायची परवानगी मागत. ती रोज नाही म्हणे. मास्तर "बरं" म्हणत आणि विडी कानावर ठेवून देत. एकदा मी विचारले, "मास्तर, नाहीच म्हणते तर विचारता कशाला?" त्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "एखादे दिवशी हो म्हणाली तर? मग ती विडी कसली झकास लागेल, सांग!"

बँडच्या परवान्याचा अर्ज मी त्यांच्यासाठी इतक्या वेळा लिहिला की त्याचा साचा आम्हा दोघांना पाठ झाला होता. कार्यक्रम कोणता, ठिकाण कोणते, वेळ कोणती, मार्ग कोणता आणि शेवटी जबाबदार इसमाचे नाव. खाली, प्रत माहितीसाठी पोलीस ठाण्याकडे. जबाबदार इसमाची ओळ रिकामी ठेवून चालत नसे. मिरवणुकीत काही विपरीत घडले तर कोणाला धरायचे हे सरकारला आधी ठाऊक असावे लागते. मास्तर त्या ओळीत नेहमी स्वतःचे नाव घालीत आणि ते नाव वाचताना त्यांची मान थोडी ताठ होई.

ह्या कागदापायी त्यांनी एका लग्नाची केलेली फजिती गावठाणात अजून सांगतात. त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात, त्याला उंबराचे पाणी म्हणतात. त्या दिवशी सारा मेळा विहिरीपाशी जमला, बायकांनी लुगडी खोचली, कळशा सजल्या, आणि मास्तरांच्या लक्षात आले की परवाना दुसऱ्या कोटाच्या खिशात घरी राहिला आहे. त्यांनी तोंडाला लावलेली पितळी कॉर्नेट खाली ठेवली.

नवऱ्या मुलीची आई भडकली. "मास्तर, वाजवा की! पोरीची आंघोळ उद्या आहे, पुढच्या सालात नाय!"

"कागद येऊ दे."

"अहो, ठाण्यातला हवालदार माझा सख्खा मावसभाऊ. तो काय बोलणार तुम्हाला?"

"मग त्यालाच सांग, येताना माझा कागद घेऊन ये."

कागद येईपर्यंत सारा मेळा उन्हात उभा राहिला. कागद आल्यावर मास्तरांनी तो हवेत उंच धरला, सर्वांना दाखविला आणि असे काही वाजविले की मुलीची आईच आधी नाचली.

बँडचा आणखी एक नियम त्यांनी घालून दिला होता, आणि तो मात्र कोणत्याही कागदावर नव्हता. मिरवणूक लग्नाची असो वा प्रेताची, आजारी माणसाच्या दारावरून जाताना वाजवायचे नाही. त्या घरापर्यंत आले की मास्तर हात खाली आणीत, आणि घर मागे पडेपर्यंत फक्त बुटांचा आवाज येई. तरुणपणी त्यांचा बँड एका आजारी बाईच्या खिडकीखालून ढोल बडवीत गेला होता. पुढे तिच्या मौतीलाही त्यांनाच बोलावणे आले. "मुन्शी, त्या बाईला वाटलं असेल, हे मलाच न्यायला आलेत," असे ते मला म्हणाले होते. एवढेच. पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

मरोळची भातशेते जाऊन तेथे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या त्या सुमारास मास्तरांची पाठ धरली. आधी त्यांनी दोष सायकलीच्या बैठकीला दिला, मग खाटेला, मग कात्रीनबायच्या खाट विणण्याला. शहरातल्या मोठ्या इस्पितळाने मणक्यात गाठ असल्याचे निदान केले, काही महिने ठेवून घेतले, आणि पुढे करण्यासारखे काही नाही असे सांगून घरी पाठविले. कमरेखालचा भाग निर्जीव झाला होता. वरच्या भागात मात्र वेदना पुरेपूर जिवंत होती. त्यांना ओट्यावर आरामखुर्चीत बसवीत. गावठाणाच्या दवाखान्यातले डॉक्टर गुप्ते रोज येऊन इंजेक्शन देत. त्यानंतर काही तास मास्तर पूर्वीचे मास्तर असत. इंजेक्शनाचा अंमल उतरला की त्यांची दोन बोटे खुर्चीच्या हातावर इतक्या जोराने आपटत की लाकडाला तेथे खळगी पडली होती. ओरडणे त्यांना लाजिरवाणे वाटे. ते ताल धरीत.

एके दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतले. डॉक्टर नुकतेच येऊन गेले होते.

"मुन्शी, परवाना लिहायचा आहे."

मला वाटले, बँडचा. मी पेन काढले.

"डॉक्टरला मी विचारलं, हे रोजचं थोडं थोडं देता ते एकदम देऊन टाका ना. तर म्हणाला, मास्तर, माझ्या हातात असतं तर दिलं असतं, पण कायद्याची परवानगी नाय. मी म्हटलं, म्हणजे फक्त परवानगीचाच प्रश्न आहे ना? पिशवी बंद केली त्यानं. मग आपण मागू या."

मी पेन खाली ठेवले. स्वतःचा जीव घेऊ पाहणे हाच गुन्हा आहे, त्याला साहाय्य करणे त्याहून मोठा, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"रस्त्यात वाजवणं पण गुन्हाच आहे, मुन्शी. परवाना असला की नाय."

खरे सांगायचे तर ह्यावर मी उत्तर शोधलेच नाही. असा अर्ज उभ्या मुंबईत कोणी लिहिला नसेल, तो माझ्या हातून लिहिला जाणार, कदाचित वर्तमानपत्रातही छापून येईल, हा विचार माझ्या डोक्यात शिरला होता. मी मांडी ठोकून बसलो.

साचा आम्हाला पाठ होता. त्याच साच्यात आम्ही तो बसविला. 'अर्जदाराचा आजार बरा होणारा नाही असे इस्पितळाने लेखी दिले असून, अर्जदारास पूर्ण शुद्धीत, राहत्या घरी, दिवसाउजेडी, आपल्या डॉक्टरांच्या हातून मरण घेण्याची परवानगी मिळावी.' मी सवयीने 'दीन' लिहिले. त्यांनी खोडावयास लावले. मार्ग कोणता लिहू, असे विचारले तर म्हणाले, "घर ते कबरस्थान. बाजारातून नको, तिथे हातगाड्या असतात." आणि स्वतःच हसले. कात्रीनबाय दारात उभी होती, ती आत निघून गेली.

जबाबदार इसमाची ओळ आली. ह्या वेळी मास्तरांचे नाव तेथे चालणार नव्हते, हे दोघांनाही दिसत होते.

"डॉक्टरचं नाव घाल. मानानं घाल. परक्या माणसाच्या हातून मला नको."

मी घातले. पदवीसकट, दवाखान्याच्या पत्त्यासकट. मास्तरांनी सही केली. त्यांची सही मोठी, वळणदार, शेवटी कॉर्नेटच्या तोंडासारखी उघडलेली. मूळ अर्ज सचिवालयाकडे पाठविला आणि नेहमीप्रमाणे प्रत पोलीस ठाण्याकडे.

अर्जाची बातमी ओट्यावरूनच गावभर झाली, कारण मास्तरांनी ती कोणापासून लपविली नाही. रविवारी मिस्सा आटोपून चर्चचे फादर आले. मीही तेथेच होतो. फादर वयाने मास्तरांहून लहान, मास्तरांच्याच बँडने त्यांचे गावात स्वागत केलेले.

"पास्कू, जीव देणारा तो. घेणारा पण तोच."

"मान्य आहे, फादर. मी त्याच्याकडेच जायचं म्हणतो. दुसरीकडे कुठे नाय."

"त्यानं बोलावल्यावर जायचं."

"बोलावून झालं हो! वऱ्हाड गेलं, मांडव उतरवला, आणि बँडवाल्याला सांगता, तू वाजवत राहा. किती वेळ? कोणासाठी?"

फादर ओट्याच्या कडेवर टेकले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्यापुरतं मला कळतं रे. मी काय दगड आहे? पण आज तुला परवानगी दिली, उद्या एखादी म्हातारी सासू खाटेवर पडेल. तिला कोण विचारणार, तुला हवंय की नको? घरातलेच तिच्या वतीनं अर्ज लिहितील. लिहून देणारे काय, बसलेच आहेत."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ते लागले, कारण ते खोटे नव्हते. म्हाताऱ्यांचे अंगठे धरून नातेवाइकांनी आणलेले कागद मी आयुष्यभर लिहीत आलो होतो.

मास्तरांची बोटे थांबली होती. "म्हणून तर माझं नाव घातलंय, फादर. पास्कोल डिमेलो. सासूचं नाय घातलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण तुमचं म्हणणं खोटं नाय. सरकार बघेल ते. मी विचारलंय फक्त. विचारणं पाप आहे का?"

"नाही," फादर म्हणाले. "विचारणं पाप नाही." आणि त्यांनी मास्तरांच्या कपाळावर खूण केली.

मूळ अर्जाचे उत्तर आले नाही. प्रत मात्र पोहोचली. ठाण्यातून एक अधिकारी दवाखान्यात गेला आणि सर्व रुग्णांच्या देखत त्याने डॉक्टर गुप्त्यांना विचारले की, डिमेलो नावाच्या इसमाला मारण्याची जबाबदारी आपण घेतली आहे काय. कपाट उघडावयास लावले, इंजेक्शनांच्या कुप्या मोजून घेतल्या, आणि पुन्हा येतो असे सांगून गेला. डॉक्टरांनी जबाब दिला की, असे बोलणे आपल्यात आणि रुग्णात कधीही झाले नाही. त्या दिवसापासून ते मास्तरांकडे येईनासे झाले.

त्यानंतरचे दिवस मी ओट्यापासून दूर राहिलो, त्यामुळे पाहिलेले असे काही सांगू शकत नाही. ऐकलेले सांगतो. मास्तर ओरडू लागले होते. कारखान्याचा भोंगा होईपर्यंत थांबत आणि भोंग्यात आपला आवाज मिसळीत, म्हणजे गावाला कळू नये. गावाला कळत होते.

कात्रीनबाय माझ्या टेबलाशी आली. तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढला होता. "साहेब, त्यांनी बोलावलंय. ठाण्यावाले म्हणतात, अर्ज मागे घ्या. मागे घेतला तर डॉक्टरांचं नाव सुटेल."

असा कागद कसा लिहितात हे मला माहीत होते. नुसता अर्ज मागे घेऊन भागत नाही. जे लिहिले ते का लिहिले, हे सांगावे लागते. आणि डॉक्टर पूर्णपणे सुटावयाचे तर कारण एकच चालते. मी ओट्यावर बसून ते मास्तरांना सांगितले. पलीकडे पायरीवर डॉक्टर गुप्ते बसले होते. त्यांनाही बोलावले होते. बँडमधला क्लॅरिनेटवाला इनास साक्षीदार म्हणून आला होता, शेजारपाजारचे चारदोन लोक उभे होते. डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"मास्तर," ते पायरीकडे पाहत म्हणाले, "मी ठाण्यात सांगितलं ते..."

"बरोबर सांगितलंत. बायकापोरं आहेत तुम्हाला. माझीच चूक. विचारल्याशिवाय नाव घातलं मी तुमचं." मास्तरांचा आवाज फाटला होता. "आयुष्यात पहिल्यांदा कोणाची परवानगी घेतली नाय बघा, आणि वाट लागली."

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "लिही, मुन्शी. जसं लागतं तसं लिही."

मी लिहिले. 'अर्जदार हा दीर्घ आजाराने दीन झालेला असून, पूर्वीचा अर्ज करतेवेळी अर्जदाराचे डोके ठिकाणावर नव्हते. सदर डॉक्टरांचा त्यात काडीमात्र संबंध नाही. अर्जदाराच्या बरळण्याकडे कृपाळूपणे दुर्लक्ष व्हावे.' लिहिताना मला लाज वाटली. तरीही हे नमूद केले पाहिजे की वाक्ये एकामागून एक अचूक उतरत होती. इतका निर्दोष मसुदा माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता.

'दीन' ह्या शब्दाखाली मी बोट ठेवले आणि मास्तरांकडे पाहिले. त्यांनी मान हलविली. राहू दे.

मी पेन त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते परत केले आणि डावा अंगठा पुढे केला.

"सही करा, मास्तर. तुम्हाला येते सही."

"सही शहाण्या माणसाची असते, मुन्शी. शाई लाव."

सही करणाऱ्याला मजकूर वाचून दाखवावा लागत नाही. अंगठा देणाऱ्याला तो साक्षीदारांसमक्ष, मोठ्याने, अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवावा लागतो; तसे वाचून दाखविल्याचे खाली लिहावे लागते. तो नियम आहे, आणि नियमाच्या बाबतीत मी कधी कुचराई केलेली नाही. मी उभा राहिलो आणि वाचले. माझा आवाज कचेरीत कमावलेला आहे, तो लांब जातो. गल्लीतून जाणारे लोक थांबले. 'डोके ठिकाणावर नव्हते' येथे पोहोचलो तेव्हा कात्रीनबायने आतून दार लोटून घेतले. मास्तरांची बोटे खुर्चीच्या हातावर स्थिर होती. वाचून संपल्यावर ते म्हणाले, "समजलं. मान्य." आणि अंगठा उठविला. डॉक्टरांनी पिशवी उघडली. सुई इनासने धरून दिली.

डॉक्टर पुन्हा येऊ लागले. मात्र आता औषध बेताने देत आणि दर वेळी घरच्या माणसाला कुपी दाखवून देत.

मी त्यानंतर ओट्यावर चढलो नाही. मास्तरांना शेवटचे पाहिले ते लांबून. गावठाणातल्या एका म्हाताऱ्याची अंत्ययात्रा निघाली होती. पुढे बँड, आणि बँडच्या पुढे मास्तरांच्या जागी इनास. मी गल्लीच्या कडेला टोपी हातात धरून उभा होतो. मास्तर ओट्यावर खुर्चीत होते. ते इतके लहान झाले होते की आधी मला खुर्ची रिकामीच वाटली. बँड त्यांच्या घरापाशी आला आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे वाद्ये खाली आली. बुटांचा आवाज तेवढा राहिला.

तेव्हा मास्तरांनी हात वर केला. उजवा हात, दोन बोटे उभी, बँड सुरू करण्यापूर्वी ते करीत तसा.

"वाजवा," ते म्हणाले. आवाज क्षीण होता, पण शब्द स्वच्छ होता. "ए इनास, वाजव रे. मी सांगतो ना. माझी परवानगी आहे."

कॉर्नेटवाला नवीन होता. तो थबकला, त्याने वाद्य ओठांपाशी नेले आणि इनासकडे पाहिले. "मास्तर सांगतायत. वाजवू?"

इनासच्या डोळ्यांत पाणी होते. त्याने कॉर्नेटवाल्याचा दंड धरून त्याला पुढे घेतले. "चल. त्यांच्याकडे बघू नको. डोकं ठिकाणावर नाय त्यांचं."

ते शब्द माझे होते. मी इनासपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि ते शब्द माझे आहेत, खोटे आहेत, हे सांगावयास मला एका वाक्याहून अधिक लागले नसते. वाक्य मांडणे हाच माझा धंदा. मी टोपी डोक्यावर घातली.

बँड पुढे गेला. ओट्यावरचा हात तसाच वर होता. बँड गल्लीच्या वळणाआड गेला, घर मागे पडले, आणि तिकडे वाद्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा मास्तरांनी हात खाली घेतला, नेमका तालावर.